प्रयोगाचं चोरटं चित्रीकरण: घंटेआधी काय करायचं, हॉलमध्ये काय आणि क्लिप पसरल्यावर काय

सांगली-मिरजेतल्या हौशी नाट्यसंस्थांत याचा एक ठरावीक क्रम होऊन बसलाय. प्रयोग होतो, दुसऱ्या दिवशी कुणीतरी ग्रुपवर लिंक टाकतं, उघडून बघावं तर बाल्कनीतून घेतलेला अख्खा दुसरा अंक यूट्यूबवर. मग सगळे मिळून त्या व्हिडिओला ‘रिपोर्ट’ मारतात, दोघंतिघं खाली कमेंटमध्ये कायद्याची भाषा करतात, टाकणारा घाबरून व्हिडिओ काढतो आणि काही दिवसांनी तोच व्हिडिओ दुसऱ्याच चॅनेलवर उगवतो. तेव्हा कुणीतरी वकिलाकडे जायचं म्हणतं आणि लक्षात येतं, की पहिल्या लिंकचा साधा स्क्रीनशॉटही कुणी ठेवलेला नाही.

सगळं होतं, फक्त उलट्या क्रमाने. बहुतेक काम तिसऱ्या घंटेच्या, म्हणजे पडदा उघडण्याच्या, आधीचं असतं, आणि तेच राहून जातं. भावे नाट्यमंदिर असो, दीनानाथ नाट्यगृह असो की मिरजेचं बालगंधर्व, टप्पे हेच. व्यावसायिक नाटक गावात आणणाऱ्या आयोजकांनाही ते लागू पडतात. फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

टप्पा १: हक्क कोणाचा, ते तालमी सुरू होतानाच कागदावर

तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो: तुम्ही कोण? ‘नाटक आमच्या संस्थेचं आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. एका प्रयोगात किमान दोन वेगळे हक्क असतात.

पहिला संहितेचा. तो लेखकाचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचा. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं निधन १९१६ मध्ये झालं, सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं १९४८ मध्ये. म्हणजे त्यांच्या संहिता आज खुल्या आहेत. हयात लेखकाची किंवा अलीकडे गेलेल्या लेखकाची संहिता खुली नाही.

दुसरा हक्क सादर करणाऱ्यांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ३८ प्रमाणे नट, गायक, वादक यांना आपल्या सादरीकरणावर हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. कलम ३८अ सांगतं, की त्यांच्या संमतीवाचून त्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करून ते लोकांपर्यंत पोचवता येत नाही. त्यामुळे देवलांचं संगीत नाटक करताना संहिता खुली असली तरी तुमच्या नटाचं आणि ऑर्गनवाल्याचं काम खुलं होत नाही. ‘जुनं नाटक आहे, कुणीही शूट करावं’ हा समज इथेच मोडतो.

दिग्दर्शकासाठी एक गोष्ट. कायद्यातल्या ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत दृश्यरचना आणि अभिनयही येतो, पण तो लिहून किंवा अन्य रीतीने नोंदलेला असेल तरच. प्रॉम्प्टरच्या वहीत हालचाली, जागा, प्रकाशाचे बदल नीट लिहून त्यावर तारीख टाकून ठेवा. एरवीही ती वही लागतेच.

तर तालमी सुरू होताना हे कागद करा:

1. लेखकाचं प्रयोग-परवानगी पत्र. त्यात चित्रीकरणाला परवानगी आहे की नाही, ते वेगळ्या वाक्यात.
2. त्याच पत्रात, किंवा जोडपत्रात, ‘अनधिकृत चित्रीकरणाविरुद्ध संस्थेने माझ्या वतीने तक्रार करावी’ असा अधिकार.
3. प्रत्येक नट, गायक, वादक यांचं तसंच अधिकारपत्र. एका पानावर सगळ्यांच्या सह्या चालतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही.

व्यावसायिक नाटक कॉन्ट्रॅक्टवर आणत असाल तर तुम्ही हक्कदार नाही, फक्त आयोजक आहात. अशा वेळी निर्मात्याच्या व्यवस्थापकाला आधीच विचारून ठेवा, की क्लिप सापडली तर निर्मात्याकडून तक्रार कोण करणार. रात्री साडेअकराला बस पुण्याकडे निघाल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

तपासा: अधिकारपत्रावर नाटकाचं नाव, संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि तारीख आहे का? नुसतं ‘मंडळ’ लिहिलं असेल तर ते कुणाचं, हे सिद्ध करत बसावं लागतं.

टप्पा २: मनाई तिकिटावर, नुसती पाटीवर नको

‘चित्रीकरण करणे कायद्याने गुन्हा आहे’ ही पाटी सगळीकडे दिसते. तेवढ्यावर विसंबू नका. कलम ३९ मध्ये सूट आहे: रेकॉर्डिंग करणाऱ्याने ते केवळ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलं, तर त्याने सादरकर्त्याच्या हक्काचा भंग होत नाही. ‘घरी बघायला घेतोय’ असं म्हणणारा माणूस अगदीच हवेत बोलत नसतो. व्हिडिओ त्याने लोकांपुढे टाकला, की चित्र बदलतं.

म्हणून हॉलमधला तुमचा खरा आधार म्हणजे प्रवेशाची अट. ती तिकीट घेण्याच्या आधी किंवा घेताना कळलेली असली पाहिजे. तिकीट, प्रवेशिका, मानाचे पास, ऑनलाइन बुकिंगचं पान आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं पोस्टर, सगळीकडे तोच मजकूर:

‘प्रयोगाचे चित्रीकरण, ध्वनिमुद्रण व छायाचित्रण करण्यास मनाई आहे. या अटीवर प्रवेश दिला जात आहे. अट मोडल्यास सभागृहाबाहेर जाण्यास सांगितले जाईल व तिकिटाची रक्कम परत मिळणार नाही.’

पासांवर हे छापायला विसरतात. आणि पासवाले पाहुणेच पहिल्या रांगेत बसून बिनधास्त फोन उंच धरतात.

इशारा: चित्रपटगृहातली पाटी उचलून आणू नका. चित्रपटगृहात शूटिंग करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांचा दंड, ही तरतूद २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीतली आहे आणि ती चित्रपटांपुरती आहे. नाटकाच्या दारात ती लावली, की जाणता प्रेक्षक तुमची बाकीची सूचनाही हसण्यावारी नेतो. ‘मोबाईल जप्त करण्यात येईल’ हेही लिहू नका. तो अधिकार तुम्हाला नाही.

टप्पा ३: घरच्यांचा बंदोबस्त आधी

हे मथळ्यात घालताना थोडं अवघड वाटलं, पण खरं ते खरं. हौशी नाटकात सर्वांत जास्त फोन उठतात ते नटांच्या घरच्यांचे. मुलीची पहिलीच एंट्री असते, मावशी इस्लामपूरहून त्यासाठी आलेली असते. चोरी वगैरे तिच्या मनातही नसतं. ती व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकते, तिथला कुणीतरी स्टेटसला ठेवतो, तिथून तो फेसबुकवर जातो. अशा माणसांना धमकीची पाटी चालत नाही. त्यांना दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

सर्वांत लागू पडणारा उपाय साधा आहे. पडदा पडून अभिवादन झालं, की दहा मिनिटं नट वेशभूषेत, सेटवर, पूर्ण उजेडात थांबतील आणि त्या वेळी हवे तेवढे फोटो काढा, असं आधीच जाहीर करा. त्यासाठी हॉलच्या व्यवस्थापकाशी वेळ बोलून घ्या, कारण सेट उतरवणारे रंगमंच कामगार तोवर दोऱ्या सोडायला लागलेले असतात. सोबत रंगीत तालमीत काढलेले प्रत्येक नटाचे दोन-तीन चांगले फोटो प्रयोगाच्या दिवशी दुपारीच कलाकारांच्या ग्रुपवर पाठवा. चांगला फोटो हातात असला, की चाळिसाव्या रांगेतून थरथरता व्हिडिओ घ्यायची हौस बरीच ओसरते.

तालमीतल्या शेवटच्या बैठकीत नटांना स्पष्ट सांगा: आपापल्या घरच्यांना तुम्ही सांगायचं, कार्यकर्त्यांनी नाही.

स्थानिक वार्ताहर आणि यूट्यूब बातमीवाले यांची वाट वेगळी. बातमीसाठी किंवा समीक्षणासाठी प्रयोगातला छोटा भाग रास्त प्रमाणात वापरायला कलम ३९ मुभा देतं. त्यांना अडवण्यापेक्षा कुठला प्रवेश, किती मिनिटं आणि कुठे उभं राहून, हे आधी ठरवा. पहिल्या अंकातली सुरुवातीची काही मिनिटं देणं सगळ्यांनाच सोयीचं. शेवट देऊ नका.

टप्पा ४: माणसं कुठे उभी करायची

कार्यकर्ते दारात घोळका करून उभे असतात आणि तोंड रंगमंचाकडे. दोन्ही चुकीचं. उजळलेला स्क्रीन मागून दिसतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या वाटांच्या शेवटी, प्रेक्षकांच्या मागे एकेक जण हवा आणि बाल्कनी असेल तर तिथे एक स्वतंत्र माणूस. बाल्कनीच्या कठड्यावर फोन टेकवून ठेवला, की तो न हलता तासभर चालतो. सलग मोठं रेकॉर्डिंग तिथूनच येतं. वाटेकडच्या कडेच्या खुर्च्या ही दुसरी आवडती जागा.

प्रत्येकाकडे हॉलचा आसन-प्लॅन, पेन, आणि लाल कागद लावलेली छोटी बॅटरी. प्लॅनवर खुर्ची नंबर आणि वेळ टिपता आली पाहिजे. याचा उपयोग सहाव्या आणि सातव्या टप्प्यांत कळेल. कार्यकर्त्यांत किमान एक बाई हवी.

संस्थेचा स्वतःचा कॅमेरा लावणार असाल तर एकाच ठरलेल्या जागी, आणि चालवणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र. नाहीतर ‘तो करतोय, मग मी का नाही?’ याला उत्तर देता येत नाही.

मांडीवर फोन ठेवून, स्क्रीन बंद करून केलेलं ध्वनिमुद्रण तुम्हाला सापडणार नाही. त्याच्या मागे लागून सगळ्या रांगेला त्रास देऊ नका.

टप्पा ५: निवेदन

दुसऱ्या आणि तिसऱ्या घंटेच्या मध्ये, अर्ध्या मिनिटात. नेहमीची चूक म्हणजे ‘कृपया मोबाईल सायलेंटवर ठेवा’ एवढंच म्हणणं. सायलेंटवरचा फोन उत्तम रेकॉर्डिंग करतो. असं म्हणा:

‘मोबाईल बंद करून खिशात किंवा पर्समध्ये ठेवावा ही विनंती. प्रयोगाचं चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि फोटो यांना मनाई आहे. प्रयोग संपल्यावर कलाकार रंगमंचावर थांबणार आहेत, तेव्हा जरूर फोटो काढा.’

तिसरं वाक्य गाळू नका. मध्यंतरानंतर पहिली दोन पुन्हा. शिकवणी नको, कलेवरचं भाषण तर नकोच. लोक तोवर वडापावाचा कागद घडी करत असतात.

टप्पा ६: प्रयोग चालू असताना फोन दिसला तर

1. आधी खुर्ची नंबर आणि वेळ प्लॅनवर लिहा. मग हला.
2. लगेच धावू नका. पार्श्वसंगीत, हशा, अंधार, प्रवेशबदल, यांपैकी एखादी जागा पकडा. शांत प्रसंगात तुमची कुजबुज त्या फोनपेक्षा जास्त त्रास देते.
3. वाटेत खाली बसून, बॅटरी जमिनीकडे धरून, एकच वाक्य. ‘काका, फोन आत ठेवता का? शेवटी फोटो काढायचेत आपल्याला.’ स्त्री प्रेक्षक असेल तर कार्यकर्तीने जावं.
4. पुन्हा दिसला तर मध्यंतरात, हॉलच्या बाहेर, दोघांनी मिळून बोला. तिकिटावरची अट दाखवा.
5. तरीही ऐकत नसेल तर बाहेर जायला सांगा. हमरीतुमरीवर आला तर हॉलच्या व्यवस्थापकाला बोलवा, आणि तेही जमलं नाही तर पोलिसांना.

एक अपवाद आहे. कुणी फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लाइव्ह करत असेल, तर जागेची वाट बघू नका. तिथे नंतर पुसण्याला फारसा अर्थ उरत नाही.

इशारा: फोन हिसकावू नका, स्वतः हातात घेऊन गॅलरी चाळू नका, पुसायची सक्ती करू नका. त्यात त्याचे खासगी फोटो असतात. तक्रार उलटी तुमच्यावर होईल. तो स्वखुशीने पुसत असेल तर त्याच्याच हाताने पुसू द्या आणि ट्रॅशही रिकामं करायला सांगा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला व्हिडिओ पुसल्यावरही ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून असतो, बॅकअप नसलेला ३० दिवस. आयफोनमध्येही पुसलेल्या गोष्टी तीसेक दिवस राहतात. नुसतं ‘डिलीट केलं बघा’ म्हणजे पुसलेलं नव्हे.

याहून मोठा इशारा: रंगपटात किंवा कपडे बदलण्याच्या जागी कुणी चित्रीकरण केल्याचं कळलं, तर वरचं सगळं विसरा. तो कॉपीराइटचा प्रश्नच नाही. स्त्रीचं असं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा आहे, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागू शकतं. तिथे व्हिडिओ पुसायला सांगू नका, तो पुरावा आहे. माणसाला थांबवून ठेवण्याच्या नादात झटापट न करता ताबडतोब पोलिसांना फोन करा आणि जिचं चित्रण झालं तिच्यासोबत कुणीतरी राहा.

टप्पा ७: क्लिप बाहेर गेली. पहिलं काम पुरावा

लिंक मिळाली, की ग्रुपवर एकच निरोप: कुणीही कमेंट करू नका, पुढे पाठवू नका, रिपोर्ट करू नका. एका माणसाकडे काम द्या आणि त्याने याच क्रमाने जावं:

1. व्हिडिओची पूर्ण लिंक आणि चॅनेल किंवा प्रोफाइलची लिंक लिहून घ्या. नाव बदलता येतं, म्हणून नुसतं नाव पुरत नाही.
2. संगणकावर उघडून स्क्रीन रेकॉर्डिंग करा. पत्त्याची पट्टी, तारीख-वेळ, टाकल्याची तारीख, बघणाऱ्यांचा आकडा, खालचं वर्णन आणि कमेंट, सगळं दिसलं पाहिजे.
3. व्हिडिओची प्रत जपून ठेवा. ही फाईल कापू नका, नाव सोडून काही बदलू नका.
4. हा कुठल्या तारखेचा प्रयोग, ते ओळखा. एखाद्या नटाची बदली, विसरलेली प्रॉपर्टी (रंगमंचावरची वस्तू), वेगळी साडी, असं काही ना काही सापडतं.
5. कॅमेऱ्याचा कोन बघा आणि त्या दिवशीचा प्लॅन काढा. टिपलेली खुर्ची आणि कोन जुळले, की बरंचसं कोडं सुटतं.

स्टेटस २४ तासांत जातं. त्यामुळे तिथे पुरावा त्याच क्षणी.

हे झालं, की टाकणाऱ्याशी बोला. सांगलीत तो दोन फोनांत ओळखीचा निघतो. सरळ लिखित निरोप पाठवा: कुठला व्हिडिओ, हक्क कोणाचा, कधीपर्यंत काढायचा. एक दिवसाची मुदत पुष्कळ झाली. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात आणि मिटावीत.

तपासा: बोलणं सुरू करण्याआधी पुरावा दोन जागी साठवलाय ना?

टप्पा ८: व्हिडिओ हटवण्याची तक्रार

चाळीस जणांनी ‘स्पॅम’ म्हणून रिपोर्ट केलं तरी ती कॉपीराइटची तक्रार होत नाही. यूट्यूबचा वेगळा कॉपीराइट फॉर्म आहे. तो हक्कदाराने किंवा त्याच्या अधिकारपत्र असलेल्या प्रतिनिधीने भरायचा. पहिल्या टप्प्यातली पत्रं इथे कामाला येतात. तक्रारदाराचं नाव समोरच्याला कळू शकतं, तेव्हा नाव संस्थेचं की लेखकाचं, हे आधी ठरवा.

फॉर्ममध्ये दोन पर्याय मिळतात: लगेच हटवा, किंवा सात दिवसांची मुदत द्या. मुदतीत त्याने स्वतःहून काढला तर त्याच्या चॅनेलवर स्ट्राइक (कॉपीराइट भंगाची नोंद) बसत नाही. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. कॉलेजच्या पोराने उत्साहात टाकलं असेल तर मी सात दिवसांचाच पर्याय घेईन. चॅनेलवर दहा नाटकं अशीच चोरून ठेवली असतील, तर लगेचचा. तोच व्हिडिओ पुन्हा चढू नये म्हणून प्रती रोखण्याचा पर्याय दिसतो, तोही निवडा.

‘हटवणं चुकीचं आहे’ असा प्रतिदावा समोरच्याने केला, तर यूट्यूब तुम्हाला दहा कामकाजाचे दिवस देतं. तेवढ्यात न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. अधिकार नसताना खोटी तक्रार केलीत तर खातं तुमचंच अडचणीत येतं.

याशिवाय भारतीय वाट आहे. कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे यूट्यूब, फेसबुकसारख्या ऑनलाइन मंचाला लेखी तक्रार दिली, आणि तिची खात्री पटली, तर त्याने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. ही रोख २१ दिवसांची. तोवर न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती उठू शकते. तक्रारीत कृतीचं वर्णन, तुमचा हक्क कसा ते, नेमकी लिंक, आणि ‘मी न्यायालयात दावा दाखल करून २१ दिवसांत आदेश सादर करीन’ अशी हमी लागते. न्यायालयात जायची तयारी नसेल तर ही हमी लिहू नका.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात फिरणाऱ्या फाईलला कुठलाही फॉर्म फारसा पुरत नाही. अ‍ॅडमिनला गाठा, ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला सांगा, आणि किती जणांनी आधीच उतरवून घेतलंय याचा विचार करत झोप उडवू नका.

टप्पा ९: पोलीस आणि न्यायालय

कुणी रेकॉर्डिंग विकत असेल, तिकीट लावून दाखवत असेल किंवा सांगूनही पुनःपुन्हा टाकत असेल, तेव्हा हा टप्पा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवता येणारा, आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. ठाण्यात ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकायला मिळालं तर हा निकाल वकिलाकरवी दाखवा. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला कलम ६४ खाली प्रती जप्त करता येतात.

दिवाणी दाव्यासाठी टाकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. कलम ६२ प्रमाणे हक्कदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा चालतो. लेखक सांगलीचा, तर टाकणारा नागपूरचा असला तरी दावा सांगलीत.

सोबत न्यायचं: अधिकारपत्रं, तिकिटाचा नमुना, प्लॅनवरची नोंद, पाठवलेले निरोप, आणि व्हिडिओ-स्क्रीन रेकॉर्डिंग. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल जराही बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहायचं असतं. मूळ फाईलला हात लावू नका असं वर म्हटलं ते यासाठीच.

टप्पा १०: स्वतःचं रेकॉर्डिंग

शेवटी ठेवलंय, पण इथेच बऱ्याच संस्था स्वतः नियम मोडतात. लेखकाने फक्त प्रयोगाची परवानगी दिली असताना संस्थेच्याच पानावर पूर्ण नाटक चढवलेलं असतं, आणि मग प्रेक्षकाला कायदा सांगायचा.

नोंदीसाठी रेकॉर्डिंग जरूर करा; कुठला प्रयोग कसा झाला, हे पुराव्याच्या वेळीही लागतं. लेखकाची आणि सगळ्या सादरकर्त्यांची लेखी संमती घ्या, त्यात ‘फक्त संस्थेच्या नोंदीसाठी’ किंवा ‘यूट्यूबसाठी’ असं स्पष्ट लिहा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० पासून नाटकांची चित्रमुद्रणं जपली जातात आणि ती तिथेच बसून बघावी लागतात, बाहेर नेता येत नाहीत. आपल्या संस्थेच्या खोलीतल्या कपाटालाही तोच नियम लावता येईल: नवीन नटाला बघायचं असेल तर खोलीत येऊन बघावं.

नटांनी स्वतःच्या कामाची क्लिप मागितली तर त्यांचाच प्रवेश कापून, कोपऱ्यात संस्थेचं नाव आणि त्या नटाचं नाव टाकून द्या. अख्खं नाटक पेनड्राइव्हवर मागणाऱ्याला, तो कितीही जुना सभासद असला तरी, नाही म्हणा.

राज्य नाट्य स्पर्धेतला प्रयोग असेल तर स्पर्धेचे चित्रीकरणाचे नियम तुमच्या नियमांच्या वर असतात. केंद्र समन्वयकाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.